मेव्हनवर क्लोजरचं वेब ॲप: ‘क्लीन’ केलं की बरं होणारं आणि पुन्हा उलटणारं दुखणं

क्लोजर ही जावाच्या यंत्रणेवर चालणारी भाषा, आणि मेव्हन हे जावाचे प्रोजेक्ट बांधणारं साधन. ही जोडी वेब ॲपसाठी वापरत असाल तर लक्षणं ओळखीची वाटतील. रेप्लमध्ये, म्हणजे कोड ओळीओळीनं चालवून बघायच्या खिडकीत, सगळं नीट चालतं. मेव्हनचं ‘पॅकेज’ कुरकुर न करता पुरं होतं. वॉर फाइल (वेब ॲपचं गाठोडं) टॉमकॅट या सर्व्हरवर चढवली की मात्र ‘क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन’ येतं. कधी ‘अमुक क्लास अमुक क्लासमध्ये कास्ट होत नाही’ असा निरोप येतो, आणि दोन्ही ठिकाणी क्लासचं नाव एकच असतं. कधी तर एररही येत नाही, नुसता जुनाच कोड चालत राहतो. मग कुणीतरी सांगतं, ‘क्लीन करून बघ’, म्हणजे आधीच्या बिल्डचं सगळं पुसून. क्लीन केलं की चालतं, सगळे आपापल्या कामाला लागतात, आणि पुढच्या वेळी लायब्ररीची आवृत्ती वाढवली की तेच दुखणं परत येतं.

जावाच्या मुरलेल्या टीममध्ये क्लोजर आणताना मी हे एकापेक्षा जास्त प्रोजेक्टमध्ये पाहिलं. अशा टीमला ‘मेव्हन सोडा, लाइनिंगन हे क्लोजरचं बिल्डचं साधन घ्या’ असं सांगणं मला पटत नाही. त्यांचा बिल्ड सर्व्हर, आवृत्त्यांचे नियम, डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्ट सगळं मेव्हनवर उभं असतं, आणि लाइनिंगन स्वतःही डिपेंडन्सी शोधायला मेव्हनचीच यंत्रणा वापरतं. मेव्हन ठेवूनच हे नीट बसतं. फक्त क्लोजर क्लास कसे शोधतं ते एकदा समजून घ्यावं लागतं.

आधी निदान

वॉर फाइल उघडा किंवा जार कमांडनं तिची यादी काढा. वेब-इन्फच्या क्लासेस फोल्डरमध्ये बघा. तिथं तुमच्या ॲपचे क्लास असणारच. पण रिंग, कंपोज्युर (क्लोजरच्या वेब लायब्ऱ्या) किंवा दुसऱ्या लायब्ररीच्या नावाचे फोल्डर दिसतात का? त्यांत ‘डबल अंडरस्कोर इनिट डॉट क्लास’ अशा शेपटीच्या फाइली आहेत का? असतील तर निदान झालं. त्या लायब्ररीचा जार (एकत्र बांधलेली फाइल) लिब फोल्डरमध्ये आहेच, आणि तिची दुसरी, कंपाइल केलेली प्रत तुमच्या क्लासेसमध्येही बसली आहे. टॉमकॅट एका ॲपसाठी आधी क्लासेस बघतो, मग लिब.

या प्रती कुठून आल्या? सर्व्हलेट म्हणजे वेब रिक्वेस्टला उत्तर देणारा जावाचा क्लास. सर्व्हलेट कंटेनरला, म्हणजे टॉमकॅटसारख्या सर्व्हरला, वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये त्या क्लासचं नाव लागतं. म्हणून बहुतेक मार्गदर्शनांत एकच उपाय असतो: क्लोजरच्या नेमस्पेसमध्ये (कोडच्या नाव दिलेल्या विभागात) जेन-क्लास, म्हणजे जावाचा क्लास तयार करायची सूचना, लिहा, तो एचटीटीपी-सर्व्हलेटचा वारस करा आणि क्लोजर-मेव्हन-प्लगिनकडून आधीच कंपाइल करून घ्या. याला एओटी (अहेड ऑफ टाइम) म्हणतात. अडचण अशी की क्लोजरचं एओटी संसर्गजन्य आहे. ज्या नेमस्पेसला कंपाइल करायला सांगाल ती ज्यांना बोलावते, त्या ज्यांना बोलावतात, ती सगळी साखळी कंपाइल होऊन टार्गेट फोल्डरमधल्या क्लासेसमध्ये पडते. एका सर्व्हलेटसाठी सांगितलं आणि अर्धा क्लासपाथ (क्लास शोधायच्या जागांची यादी) आला.

खरा घोळ यानंतर होतो. क्लोजर जेव्हा एखादी नेमस्पेस लोड करतं, तेव्हा क्लासपाथवर तिची सोर्स फाइल आणि तिचा इनिट क्लास असे दोन्ही शोधतं. दोन्ही सापडले तर ते त्यांच्या शेवटच्या बदलाच्या वेळा ताडून बघतं. क्लासची वेळ सोर्सच्या वेळेपेक्षा नंतरची असेल तरच क्लास घेतो, नाहीतर सोर्स. सोर्स जारमध्ये असेल तर जारमधल्या त्या नोंदीची वेळ धरली जाते.

आता असं समजा की तुम्ही मागच्या आठवड्यात बिल्ड केला. रिंगचे कंपाइल झालेले क्लास टार्गेटमध्ये पडले, त्यांची वेळ मागच्या आठवड्याची. आज तुम्ही पॉममध्ये (मेव्हनच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये) रिंगची नवी आवृत्ती लिहिली. ती नवी असली तरी प्रकाशित झाली तीन महिन्यांपूर्वी, म्हणजे तिच्या जारमधल्या सोर्सची वेळ तीन महिन्यांपूर्वीची. क्लोजर ताडून बघतं: क्लास मागच्या आठवड्याचा, सोर्स तीन महिन्यांपूर्वीचा. क्लास नवा ठरतो! म्हणजे पॉम, डिपेंडन्सी ट्री आणि लिब फोल्डर तिन्ही नवी आवृत्ती दाखवतात आणि प्रत्यक्षात चालते जुनी. पुन्हा कंपाइल केलं तरी उपयोग नाही, कारण साखळीतली नेमस्पेस लोड करताना कंपायलरही हीच तुलना करतो आणि जुना क्लासच उचलतो. क्लीननं टार्गेट रिकामं होतं म्हणून चालतं, आणि पुढचा बिल्ड पुन्हा तेच बीज पेरतो.

याचाच एक उलटा प्रकार आहे. काही टीम एकसारखे बिल्ड मिळावेत म्हणून पॉममध्ये आउटपुट-टाइमस्टॅम्प गोठवतात. त्यानं पॅकेजमधल्या सगळ्या फाइलींची वेळ एकच होते. क्लोजरची अट ‘क्लास निश्चितपणे नंतरचा’ अशी असल्यानं बरोबरी झाली की सोर्स जिंकतो. मग डेफरेकॉर्डनं (रेकॉर्डचा क्लास बनवणाऱ्या क्लोजरच्या सूचनेनं) बनलेला एक क्लास डिस्कवरून येतो आणि त्याच नावाचा दुसरा सोर्समधून मेमरीत तयार होतो. एकाच नावाचे दोन क्लास एकमेकांत कास्ट होत नाहीत, किंवा प्रोटोकॉल समोर लिहिलेला असूनही ‘नो इम्प्लिमेंटेशन ऑफ मेथड’ असा निरोप येतो. यात दोन दिवस घालवलेली माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांच्या कोडमध्ये खरोखरच काही चूक नव्हती.

उपाय: एओटी काढून टाका, दार जावात लिहा

माझं स्पष्ट मत आहे की वॉर फाइल बनवणाऱ्या मेव्हन प्रोजेक्टला एओटीची गरजच नाही. कंटेनरला एक खराखुरा क्लास हवा आहे ना, तो सरळ जावात लिहा, ॲपचं दार तोच. जावाची टीम आहे, जावाचा कंपायलर आधीच मेव्हनमध्ये आहे. पन्नास ओळींच्या आतलं काम आहे.

एसआरसी/मेन/जावा फोल्डरमध्ये एचटीटीपी-सर्व्हलेटचा एक वारस लिहा. क्लोजर १.६ पासून जावातून क्लोजर बोलावण्यासाठी अधिकृत एपीआय आहे. क्लोजर डॉट जावा डॉट एपीआय या पॅकेजमध्ये ‘क्लोजर’ नावाचा क्लास आहे, त्याच्या ‘व्हार’ आणि ‘रीड’ या दोन मेथड पुरतात. सर्व्हलेटच्या इनिट मेथडमध्ये क्रम असा ठेवा: क्लोजर डॉट कोअरमधलं ‘रिक्वायर’ हे व्हार (नावाला बांधलेली किंमत) मिळवा. त्यानं आधी रिंग डॉट युटिल डॉट सर्व्हलेट ही नेमस्पेस आणि मग तुमच्या ॲपची मुख्य नेमस्पेस लोड करा. मग तुमच्या हँडलरचं, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या फंक्शनचं, व्हार मिळवून ते रिंगच्या ‘मेक-सर्व्हिस-मेथड’ या फंक्शनला द्या. ते जे फंक्शन परत देईल ते सर्व्हलेटच्या फील्डमध्ये जपून ठेवा. सर्व्हिस मेथडमध्ये त्याला तीन गोष्टी द्यायच्या, याच क्रमानं: सर्व्हलेट स्वतः, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स. झालं.

यात सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे रिक्वायर न करता थेट हँडलरचं व्हार मागणं. व्हार मिळतं, एरर येत नाही, कारण क्लोजर त्या नावाचं रिकामं व्हार तयार करून देतं. पहिली रिक्वेस्ट आली की ‘अटेम्प्टिंग टू कॉल अनबाउंड फंक्शन’ दिसतं. हा निरोप दिसला की दुसरीकडे कुठे शोधू नका, नेमस्पेस लोड झालेली नाही किंवा व्हारचं नाव चुकलं आहे.

हँडलरचं फंक्शन न देता व्हार द्या, हे मुद्दाम सांगतो. फंक्शन दिलं तर सर्व्हलेट कायमचं तेच धरून बसतं. व्हार दिलं तर प्रत्येक रिक्वेस्टला त्यातली ताजी किंमत बघितली जाते. डेव्हलपमेंटमध्ये चालू सर्व्हरला रेप्ल जोडून हँडलर बदलला की पुढच्याच रिक्वेस्टला बदल दिसतो. क्लोजर घेण्यामागे हाच तर मोठा आनंद आहे, तो वॉर फाइलपायी सोडू नका.

या मार्गाची किंमतही सांगायला हवी. आता कोड सर्व्हर सुरू होताना कंपाइल होतो, त्यामुळे सुरुवातीला वेळ लागतो. वेब डॉट एक्सएमएलमध्ये लोड-ऑन-स्टार्टअप लावा म्हणजे तो वेळ पहिल्या वापरकर्त्याच्या माथी बसणार नाही. दुसरं म्हणजे, मेव्हनचं पॅकेज आता क्लोजरमधली साधी कंसाची चूकही पकडणार नाही, कारण त्या फाइली त्याच्यासाठी नुसत्या मजकुराच्या फाइली आहेत. त्यासाठी जेयुनिटचा एक जावा टेस्ट लिहा. तो मुख्य नेमस्पेस रिक्वायर करेल, मग क्लोजर डॉट टेस्टचं ‘रन-टेस्ट्स’ चालवेल आणि ‘सक्सेसफुल’ हे प्रश्नचिन्हवालं फंक्शन लावून उत्तर तपासेल. क्लासच्या नावाच्या शेवटी ‘टेस्ट’ असू द्या, म्हणजे मेव्हनचं टेस्ट चालवणारं शुअरफायर तो आपोआप उचलेल. बिल्ड सर्व्हरला पूर्वीसारखंच लाल-हिरवं कळतं.

एओटी गेल्याचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. एका बिल्ड सर्व्हरवर आमचा बिल्ड अधूनमधून अडकून राहायचा, कधी डेटाबेस सापडत नाही म्हणून पडायचा. बिल्डला डेटाबेस कशाला हवा, हे कुणाला उमगेना. कारण असं निघालं की क्लोजरमध्ये कंपाइल करणं म्हणजे नेमस्पेस लोड करणं, आणि लोड करणं म्हणजे तिच्यातली सर्वांत वरच्या पातळीवरची प्रत्येक ओळ चालवणं. कुणीतरी ‘डेफ’मध्ये थेट डेटाबेस कनेक्शन उघडलं होतं. म्हणजे प्रत्येक बिल्ड कनेक्शन उघडत होता. एओटी काढूनही असं लिहू नये, कारण आता हीच ओळ टेस्ट चालताना उघडेल. कनेक्शन ‘डिले’मध्ये, म्हणजे मागितल्यावरच चालणाऱ्या कोडमध्ये, गुंडाळा, किंवा सर्व्हलेटच्या इनिटमधून हाक मारता येईल अशा वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा.

पॉममधल्या जागा जिथे पाय घसरतो

एओटी नसेल तर क्लोजरच्या सोर्स फाइली वॉरमध्ये जायलाच हव्यात, आणि मेव्हनला एसआरसी/मेन/क्लोजर हा फोल्डर माहीत नसतो. तो बिल्डच्या रिसोर्सेस विभागात लिहावा लागतो. पण तुम्ही तो विभाग पॉममध्ये लिहिला की मेव्हनचा मूळचा विभाग गळून पडतो. म्हणजे एसआरसी/मेन/रिसोर्सेस हा फोल्डरही तिथे स्वतः लिहावा लागतो. हे विसरलं की क्लोजरचा कोड सापडतो आणि लॉगिंगची सेटिंग, टेम्प्लेट, एसक्यूएलच्या फाइली गायब होतात. टेस्टसाठीही तसंच, टेस्ट-रिसोर्सेस विभागात दोन्ही फोल्डर. क्लोजरच्या फोल्डरवर फिल्टरिंग बंदच ठेवा, नाहीतर सोर्समधल्या डॉलर आणि महिरपी कंसाच्या जोड्या मेव्हन आपल्या किमतींनी बदलून टाकेल.

‘कुड नॉट लोकेट... ऑन क्लासपाथ’ हा निरोप आला आणि फाइल तर डोळ्यांसमोर आहे, असं झालं की नावातला हायफन बघा. नेमस्पेसमध्ये हायफन चालतो, पण फाइलच्या आणि फोल्डरच्या नावात त्याच जागी अंडरस्कोर लागतो. निरोपाच्या शेवटी क्लोजर स्वतःच हे सुचवतं, पण स्टॅक ट्रेस एवढा लांब असतो की शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. हाच निरोप स्पेक-अल्फा या डेटा तपासणाऱ्या लायब्ररीच्या नावानं आला तर कारण वेगळं आहे: १.९ पासून, म्हणजे डिसेंबर २०१७ पासून, क्लोजरच्या जारबरोबर स्पेकचे आणखी दोन जार लागतात. मेव्हन ते आपोआप आणतो. कुणी ते एक्स्क्ल्यूड केले असतील किंवा क्लोजरचा एकटा जार हातानं कुठे टाकला असेल, तरच हे होतं.

आता रिपॉझिटरी, म्हणजे लायब्ऱ्यांची कोठारं. क्लोजर स्वतः मेव्हन सेंट्रलवर आहे, पण रिंग आणि कंपोज्युरसारख्या बहुतेक लायब्ऱ्या क्लोजार्स या क्लोजरच्या कोठारात असतात. मेव्हन स्वतःहून तिकडे बघत नाही, पॉममध्ये क्लोजार्सचा पत्ता द्यावा लागतो. जुन्या लेखांतून हा पत्ता उतरवून घेतला असेल तर तो एचटीटीपीचा असतो, आणि २०२१ मधल्या मेव्हन ३.८.१ पासून असे पत्ते मुळातच अडवले जातात. निरोपात ‘एचटीटीपी ब्लॉकर’ असं काही दिसतं. ब्लॉकर बंद करायच्या युक्त्या शोधू नका, पत्ता एचटीटीपीएसचा करा. करूनही ‘सापडलं नाही’च येत असेल, तर निरोप नीट वाचा. ‘आधीच्या प्रयत्नात सापडलं नाही, ते अपयश साठवून ठेवलं आहे’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर मेव्हन पुन्हा नेटवर गेलेलाच नाही. कॅपिटल यू हा पर्याय लावून बिल्ड चालवा.

मोठ्या संस्थांत यावर एक थर असतो. सेटिंग्ज डॉट एक्सएमएलमध्ये सगळ्या रिपॉझिटरींच्या जागी अंतर्गत मिरर लावलेला असतो. त्यात तारांकन असेल तर तुमच्या पॉममधला क्लोजार्सचा पत्ता मेव्हन बघणारच नाही. तिथं पॉम बदलत बसण्यात अर्थ नाही, मिरर सांभाळणाऱ्याला क्लोजार्स जोडायला सांगा. घरच्या मशीनवर चालतं आणि ऑफिसमध्ये नाही, यामागे बऱ्याचदा हेच असतं.

आवृत्त्यांच्या भांडणात मेव्हनचा नियम ‘जो जवळचा तो जिंकला’ असा आहे, नवी आवृत्ती जिंकते असं नाही. एखादी लायब्ररी जुनं क्लोजर मागत असेल आणि तुमच्या पॉममध्ये क्लोजर थेट लिहिलेलं नसेल, तर जुनं येऊ शकतं. म्हणून क्लोजरची आवृत्ती नेहमी स्वतःच्या पॉममध्ये लिहा, आणि शंका आली की डिपेंडन्सी ट्री काढा.

सर्व्हलेट एपीआयचा जार ‘प्रोव्हायडेड’ स्कोपमध्ये ठेवा, तो कंटेनर देतो. आणि टॉमकॅटची आवृत्ती आधी विचारून घ्या. ९ पर्यंत पॅकेजचं नाव जावाएक्स डॉट सर्व्हलेट आहे, १० पासून जकार्ता डॉट सर्व्हलेट. रिंगची नेहमीची सर्व्हलेट नेमस्पेस जावाएक्ससाठी आहे. जकार्तासाठी रिंगचं वेगळं मॉड्यूल आणि वेगळी नेमस्पेस आहे. जावातलं दार, पॉममधलं एपीआय आणि रिंगचं मॉड्यूल तिन्ही एकाच बाजूचे हवेत. यातलं एक जरी दुसऱ्या बाजूचं असलं तर ‘नो क्लास डेफ फाउंड’ येतं, आणि तो निरोप एओटीच्या दुखण्यासारखाच दिसतो. फरक ओळखायचा सोपा आहे: सापडत नसलेल्या क्लासच्या नावात जावाएक्स किंवा जकार्ता असेल तर क्लीन करून काहीही होणार नाही.

सर्व्हरवर उरलेलं

क्लोजरचा जार टॉमकॅटच्या सामायिक लिबमध्ये ठेवायचा मोह काहींना होतो, वॉर हलकी होते म्हणून. ठेवू नका. क्लोजरच्या नेमस्पेस त्या जारच्या स्थिर (स्टॅटिक) अवस्थेत राहतात, म्हणजे एकाच सर्व्हरवरची दोन ॲप एकाच नेमस्पेसच्या ढिगात हात घालू लागतात. एकाची लायब्ररी दुसऱ्याला दिसते, तीही चुकीच्या आवृत्तीची. प्रत्येक वॉरमध्ये तिचं स्वतःचं क्लोजर असू द्या.

चालू सर्व्हरवर वारंवार रीडिप्लॉय करत असाल आणि काही फेऱ्यांनंतर मेटास्पेस (क्लाससाठीची मेमरी) संपत असेल, तर क्लोजरच्या एजंट आणि फ्यूचर या पाठीमागं काम करणाऱ्या सोयींच्या थ्रेड पूलकडे बघा. ते थ्रेड जुन्या ॲपच्या क्लासलोडरला (क्लास शोधून चढवणाऱ्या यंत्रणेला) धरून ठेवू शकतात. जावातल्या दारात डिस्ट्रॉय मेथड लिहा आणि तिथून ‘शटडाउन-एजंट्स’ला हाक मारा. वॉरमध्ये स्वतःचं क्लोजर असेल तर हे सुरक्षित आहे. सामायिक जार असेल तर याच एका हाकेनं शेजारच्या ॲपचेही पूल बंद होतील.

आणि एक लक्षण उरतं: ॲप नीट चालतं, पण वेळापत्रकानं चालणाऱ्या एखाद्या कामात ‘कुड नॉट लोकेट’ येतं. क्लोजर नेमस्पेस शोधताना चालू थ्रेडचा कॉन्टेक्स्ट क्लासलोडर वापरतं. इनिट मेथड चालते तेव्हा कंटेनरनं तो ॲपचा लावलेला असतो, पण बाहेरच्या पूलमधून आलेल्या थ्रेडवर तो दुसराच असू शकतो. म्हणून लागणाऱ्या सगळ्या नेमस्पेस इनिटमध्येच लोड करून घ्या, मागाहून थ्रेडमध्ये रिक्वायर करू नका. ते टाळताच येत नसेल तर थ्रेड सुरू करताना सर्व्हलेटच्या क्लासचा लोडर त्याला लावून द्या.

जुन्या प्रोजेक्टमध्ये हा बदल करताना क्रम पाळा. आधी जावातलं दार लिहून वेब डॉट एक्सएमएलमध्ये त्याचं नाव द्या. मग पॉममधून क्लोजर-मेव्हन-प्लगिनचं कंपाइल काढा, रिसोर्सेस विभाग भरा, जेन-क्लास पुसा. मग एकदा, शेवटचं, क्लीन करून पॅकेज करा आणि वॉरची यादी पुन्हा काढा. वेब-इन्फच्या क्लासेसमध्ये आता तुमचे जावाचे क्लास आणि क्लोजरच्या सोर्स फाइली एवढंच दिसायला हवं. इनिट डॉट क्लास अशी एकही फाइल दिसली तर कुठेतरी एओटी अजून चालू आहे. बऱ्याचदा ते वरच्या पॅरेंट पॉममध्ये सापडतं.